कवडसा

आरशांनी गलबतं जाळली म्हणे!
ओलं लाकूड पेटत नाही, कोन्चेत्तो म्हणतो,
चाळीस वर्षं डांबर फासलंय मी होड्यांना,
मला नको सांगूस.
आणि रोमन काय नांगर टाकून
ऊन यायची वाट बघत होते?

नुन्त्सियो न्हावी उत्तर देत नाही.
बंद दुकानातला हातआरसा काढतो,
ओर्तिजाच्या धक्क्यावरून
सूर्य फेकतो सारीनाच्या निळ्या होडीवर.

कवडसा फळीवर चढतो,
पाण्यात सांडतो,
पुन्हा चढतो, थरथरत.
वस्तरा का सुटला त्याच्या हातून
ते आत्ता दिसतं,
एवढ्या लांबवर, एवढं मोठं.

सारीना डोळ्यांवर हात धरून
दोघांच्या सात पिढ्या उद्धरते.

कोन्चेत्तो टोपी खाली ओढतो.
डांबर तापलं असेल, म्हणतो.
ऑगस्टात तापतं.