परतीचा रकाना

मोलेच्या नाक्यावर तीन दिवस उभा आहे
एक ट्रक.
आत अकरा टन तीनशे चाळीस किलो
आम्ही.

मागच्या सोमवारी मीच सोडला होता त्याला.
सहा प्रती, चार शिक्के,
'कोठून'मध्ये गोवा,
'कोठे'मध्ये कर्नाटकातला सिमेंटचा कारखाना,
'काय'मध्ये: सुका, जळण्यायोग्य.
अनमोडच्या धुक्यानं वाटेतच खोडला तो शब्द.
कारखान्याच्या दारात कुणीतरी गासडीत काटा खुपसला,
ओलावा तेवीस टक्के. घेत नाही.

आता मल्लेशप्पा कडगद म्हणतो,
साहेब, घरचाच माल आहे, आत घ्या.
मी नमुना उलटून पाहतो, पालटून पाहतो.
बाहेर जाणाऱ्याला रकाना आहे.
बाहेरून येणाऱ्याला बंदी आहे, कलमासकट.
परत येणाऱ्याचं कुणी लिहिलंच नाही.

पणजीला फोन केला.
म्हणाले, सीमा ओलांडली म्हणजे त्यांचा.
बेळगावला केला.
म्हणाले, उतरवला नाही म्हणजे तुमचा.
दोघांचंही बरोबर आहे. तशी नोंद केली.

रात्री बॅटरी घेऊन ताडपत्री उचलली.
बसतं ते नियमात, तपासणी म्हणून.
आवळलेल्या पट्ट्यांखाली
शाम्पूच्या पुड्या, एकाच पायाच्या निळ्या सपाता,
चवथीच्या मखराचा थर्माकोल, सोनेरी कड अजून शाबूत,
आणि फोंड्याच्या त्या कापडदुकानाची पिशवी
जिथं नलूच्या लग्नाचं कापड घेतलं,
मालकानं वरून एक रुमाल दिला होता.
पिशवी मीच टाकली असेल असं नाही.
नाही असंही नाही.

घरी बायको ओलं-सुकं वेगळं करते,
पंचायतीची गाडी गुरुवारी येते,
गाडी वळणाआड झाली की
आमच्याकडे म्हणतात, गेलं.
कुठं, हे विचारायचा मला पगार मिळतो.

चौथ्या सकाळी मल्लेशप्पानं
केबिनच्या सावलीत स्टोव्ह पेटवला.
मला बशीतून चहा दिला.
ट्रकच्या कडेनं काळं पाणी ठिबकत होतं
रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्टीवर,
आणि तिथून, उतार होता तिकडे,
कुणालाही न विचारता
निघालं होतं.

मी फूटपट्टी घेतली.
सहाव्या प्रतीच्या तळाशी, जरा तिरका,
एक रकाना आखला.
वर काय लिहावं, ते अजून सुचत नाही.