इस्टेट

आत्या एकतीस वर्षं इस्टेटला गेली.
वागळे इस्टेट, बावीस नंबरचा रस्ता,
बाटल्यांची बुचं करणारा कारखाना, हजेरीचं टेबल.
कुणी विचारलं, कुठे निघालीस मंदा, तर नुसतं
"इस्टेटला."
मग एका मंगळवारी ती नुसतीच गेली
आणि इस्टेट आमच्याकडे आली:

चरईतला दीड खोलीचा ब्लॉक,
पोस्टातली मासिक योजना, एकशे चौदा नंबरचा लॉकर,
कागदी शेअर, त्यातल्या दोन कंपन्या तिच्याआधीच वारलेल्या.
मृत्युपत्र नाही. नवरा नाही, मूल नाही.
म्हणून कोर्टाने दोन भावांची दोन पोरं नेमली,
मी आणि पदू,
आणि खाली लिहिलं: संयुक्तपणे.

या शब्दाला दोन सह्या लागतात, हे माहीत होतं.
दोन माणसं लागतात, हे नंतर कळलं.

पदूने जामिनाच्या कागदावर सही केली
ती पहिली आणि शेवटची.
पुढे पितृपंधरवडा निघाला, मग गुडघा, मग चष्म्याचा नंबर,
मग बघू.
मग फोन वाजून वाजून आपणच गप्प व्हायचा.
ब्लॉकची किल्ली त्याच्या खिशात,
आणि मोरीचा नळ खाली डिमेलोबाईंच्या छतावर
नकाशे काढत बसलेला.
सोसायटीने व्याजावर व्याज लावलं. शहाऐंशी हजार मी भरले,
माझ्या पीएफमधून. हे मी विसरणार नाही,
कवितेतसुद्धा नाही.

"भावनेचं नको, तारखा सांगा," खोपकर वकीलबाई म्हणाल्या.
सांगितल्या. त्यांनी टाइप केलं:
सामनेवाला क्रमांक एक हा हेतुपुरस्सर...
(एकच होता, तरी क्रमांक एक.)
हेतुपुरस्सर.
मे महिन्याच्या सुट्टीत आत्याच्या पलंगावर
मला भिंतीकडे झोपवून स्वतः कडेला झोपणारा,
रात्रीतून दोनदा खाली पडणारा पदू.
मी सही केली. शाई निळीच लागते म्हणाल्या.

कोर्टनाक्याला सात तारखा. आठवीला तो आला,
वकिलाशिवाय, इस्त्रीचा शर्ट, एक बटण वेगळ्या रंगाचं.
न्यायाधीशबाईंनी विचारलं, सहा महिन्यांत यादी द्यायची,
वर्षात हिशोब. तीन वर्षं झाली. का नाही दिलीत?
पदू म्हणाला, अर्धी केली होती. मग अडलो.
कशावर?
"कवळीवर."
टायपिस्टचा हात थांबला.
"आत्याची कवळी, मॅडम. वरची. पेल्यात आहे.
किंमत किती लिहू?"
"शून्य लिहायची."
"तेच," पदू म्हणाला,
आणि पुढे काही बोललाच नाही.

आदेश दीड पानाचा:
सहप्रशासक या पदावरून दूर करण्यात येत आहे.
किती दूर, ते लिहिलेलं नाही.
बाहेर झेरॉक्सच्या गर्दीत त्याने किल्ली दिली,
आत्याच्या पितळी हजेरी-बिल्ल्याला बांधलेली,
आणि विचारलं, रिक्षा मिळेल ना तुला?
मी म्हटलं, शहाऐंशी हजार, पदू.
तो म्हणाला, हो.

आज ब्लॉकमध्ये एकटी बसून फॉर्म भरतेय.
प्लंबर येऊन गेला. पेल्यातलं पाणी
केव्हाच आटलंय, तळाशी पांढरी रेघ.
लोखंडी कपाट, एक. शिलाई मशीन, एक, पट्टा तुटका.
कवळी, वरची, एक.
शून्य लिहिलं. मला जमतं.
खाली सही केली, तारीख घातली
आणि कागद डावीकडे सरकवला,
दुसऱ्या सहीसाठी.