पाचवी लिपी

उदगीरच्या पाट्यांवर चार लिप्या.
मराठी वाचतो, उर्दू अडखळत,
कानडी आणि तेलुगू नुसत्या वळणावरून ओळखतो,
अंधारात माणूस खोकल्यावरून ओळखावा तशी.
ही पाचवी.
गोल, काडी, गोलावर काडी :
कुणाची तरी काडेपेटी सांडलेली, तिच्यात दोन-चार बांगड्या.

मैनोद्दीननं हैदराबादच्या भंगारातून सीडी आणली.
कोरियाचा गेम. शटर ओढल्यावर मी खेळतो,
आज तिसरा महिना.
गोष्ट कळते, तिला भाषा लागत नाही.
पोराला मित्रच फसवतात,
समुद्रातल्या तुरुंगात टाकतात,
तिथं एक म्हातारा तलवार शिकवतो,
खजिन्याची खूण देतो आणि मरतो.
पोरगा नाव बदलून परत येतो.

मी लातूरच्या जेलात अकरा महिने होतो.
म्हातारे पुष्कळ भेटले.
एकानं माझी चादर चोरली,
एक रोज रात्री कुणाची पोरगी कुठं दिली ते सांगायचा.
खजिना कुणाकडंच नव्हता.
आणि नाव बदलायचं तर गॅझेट, आधार, पॅन, बँक...
वकील म्हणाला, ऱ्हाऊ दे गुणवंत, आहे तेच वापर.

पतसंस्थेत क्लार्क होतो.
बसलिंग हुडगे म्हणाला,
हितं सही कर, हितं, अन् हितं.
घाई हाय, च्या निवलालाय.
मी वाचलं नाही.
मराठीच होतं की.

परवा तो झेरॉक्सला आला.
नातीचा दाखला, दोन प्रती.
काचेवर ठेवण्याआधी मी दाखला वाचला,
शिक्क्यातली गोल अक्षरंसुद्धा, मान वाकडी करून.
"येवढं काय वाचलालास रे?" म्हणाला.
चार रुपये झाले. सुट्टे नव्हते त्याच्याकडं.
ऱ्हाऊ द्या, म्हणालो.
तो पायरी उतरला तेव्हा म्हणालो, नको, द्या.

आणि आज पडद्यावर
शेवटचा मित्र गुडघ्यावर.
संगीत थांबलंय. खाली दोन ओळी,
त्यांच्याशेजारी लुकलुकणारा बाण.
एक असेल : मार.
एक असेल : जाऊ दे.
किंवा दोन्ही मारच,
एक हळू, एक झटक्यात.

मैनोद्दीन खुर्चीतच पेंगतोय.
"दाब की भौ कायबी. फुडं जातंय."

फुडं जातंच.
तेव्हाही गेलं होतं.

बोट एंटरवरून काढलं.
पाठकोरा कागद घेतला, झेरॉक्सचा वाया गेलेला,
आणि एकेक अक्षर उतरवायला लागलो,
बालवाडीतल्या पोरासारखा, जीभ बाहेर काढून.
हैदराबादेत कुणीतरी वाचणारं असेल.
नसेल तर आणखी लांब असेल.

सव्वादहाला लाईट जाते.
इथं गेम सेव्ह होत नाही.
सात मिनिटं आहेत,
आणि पहिल्याच ओळीतली
तीन अक्षरं अजून राहिलीत.