उलटं छापायचं असतं

माझी इस्त्री परत मागायला गेले
तर नोरायर म्हणाला, थांब, अजून चार मिनिटं.
टेबलावर तांब्याचा पत्रा, पोस्टकार्डाएवढा,
त्यावर पालथा घातलेला मासिकाचा गुळगुळीत कागद
आणि त्यावरून माझी इस्त्री
असा काही जोर लावून फिरवत होता
जणू त्या पत्र्याला लग्नाला जायचंय.

प्रिंटर शाळेने टाकून दिलेला.
कागद ओढताना खोकतो, पण काळा अजून दाट.
'शाई नाही ही, भुकटी,' नोरायर सांगतो,
'तापवली की कागद सोडते, तांब्याला धरते.'
काल त्याने नकाशा सरळच छापला,
चिपचे सगळे पाय डाव्याचे उजवीकडे.
हातच्या काकणाला आरसा लागत नाही,
या पत्र्याला लागतो.

मग कोमट पाणी. अंगठ्याने कागद चोळत राहायचा,
लगदा निघतो, रेघा राहतात,
आणि एका कोपऱ्यात कुणा नटीचा अर्धा ओठ.
मग मात्सूनच्या रिकाम्या डब्यात तपकिरी आम्ल.
डबा हलवत बसलो दोघं, पाळणा हलवावा तसा.
बाहेर वानाद्झोरचा मार्च, छपरांवर मळका बर्फ.
जिथे काळं होतं तिथे तांबं वाचलं,
बाकीचं कुठे गेलं ते मी विचारलं नाही.

हा पत्रा लिफ्टसाठी.
मूळचा ज्या देशात बनला
तो देशच आता सुटे भाग पाठवायला उरलेला नाही.
नवव्या मजल्यावरची आरुस्याक ऑक्टोबरपासून खाली आलेली नाही,
दोरीला पिशवी बांधून पाव वर ओढते.

रविवारी लिफ्ट हलली.
आम्ही आठ-दहा जण तळाशी, माना वर करून.
आठव्या मजल्यावर आकडा आला सहा,
नवव्यावर पाच.
उजवीकडची वरची रेघ पेटतच नव्हती.
नोरायरने पत्रा काढून भिंगाखाली धरला:
एका जागी तांबं तुटलेलं, गोल, मसुराएवढं.
इस्त्रीच्या वाफेचं भोक.
माझ्या इस्त्रीचं.

कथलाच्या एका थेंबाचं काम, तो म्हणाला.
पण आरुस्याक दारातून ओरडली, राहू दे,
पाचव्यावर राहायचं माझं फार दिवसांचं मनात होतं.
आणि काठी आधी, मग पाय,
अशी लिफ्टमध्ये शिरली.

आता चौथ्या प्रवेशदारातूनही बोलावणं आलंय.
नोरायर गुळगुळीत मासिकं गोळा करत हिंडतो.
माझ्या पांढऱ्या ब्लाउजवर बाहीपासून कॉलरपर्यंत
एक काळी रेघ उमटली आहे, धुऊन जात नाही.
कुठून कुठे जाते, त्यालाच विचारायला हवं.