भोक पडलेलं पान

माझ्या बापाला अक्षर येत नव्हतं.
येटबारेक त्याचं नाव. लास्ताच्या डोंगरात
चर्चच्या खालच्या अंगाला आमचं घर,
अंगणात लाकडी चौकटींवर ताणलेली बकऱ्यांची कातडी,
वाऱ्यानं ढोलासारखी वाजणारी.
भिजवायचं, ताणायचं, तासायचं,
खरबरीत दगडानं घासत बसायचं
उजेड आरपार दिसेतो.
घराला वास यायचा.
शाळेत माझ्या शेजारी कुणी बसत नसे.

एकदा एका कातड्यात भोक निघालं.
गोचीड कधीतरी चावलेली, ताणल्यावर जखम वाढलेली,
बोराएवढी. दुसरं कातडं नव्हतं.
बाप तेच घेऊन मेरिगेता लिसानेवोर्ककडे गेला
मान खाली घालून,
जणू ती गोचीड त्यानंच पाळली होती.
म्हाताऱ्या लेखनिकानं भोकातून बापाकडे पाहिलं.
"चालेल," म्हणाला, "ओळ वळसा घालून जाईल."

पान लिहून झालं तेव्हा बापानं विचारलं,
इथं काय लिहिलंत? भोकापाशी?
मेरिगेतानं आधी गीझमध्ये वाचलं,
जी आमच्याकडे देवाला कळते आणि चार म्हाताऱ्यांना,
मग आमच्या बोलीत सांगितलं:
दारी आलेल्याची झोळी आधी भर,
नाव नंतर विचार.

सबंध पोथीतलं एवढंच बापानं घरी आणलं.
पोथी राहिली चर्चमध्ये, लाल कापडात.
सणाला बाहेर यायची, भरजरी छत्रीखाली,
लोक तिच्या लाकडी पुठ्ठ्याला ओठ लावायचे
आणि परतताना बांधावरून भांडायचे.
बापही ओठ लावायचा.
मग घरी येऊन दाराची कडी तपासायचा,
ती बाहेरून उघडते ना.

टोळांच्या वर्षी गोबेझे आला.
आमची दुभती बकरी त्यानंच नेली होती, आदल्या साली;
तिची घंटा त्याच्या पोराच्या गळ्यात
सगळ्या गावानं ओळखली होती.
रांजणात तेफ उरला होता चार दिवसांचा.
बाप उठला. मापटं काठोकाठ भरलं, दोनदा,
त्याच्या झोळीत ओतलं, गाठ मारून दिली.
आणि मग, त्याच्याकडे नीट पाहत,
विचारलं, "नाव काय तुझं?"

गोबेझे रडला नाही. अशा गोष्टीत रडतात.
नाव सांगितलं आणि उतार उतरून गेला.
बकरी परत आली नाही.
आई, वोर्केनेश, चार दिवस बापाशी बोलली नाही,
पाचव्या दिवशी बोलली:
"पोथीतलं पोथीत राहू द्यावं माणसानं.
तिला खायला लागत नाही."
बाप म्हणाला, "खरं आहे,"
आणि चौकटीवरचं कातडं पुन्हा घासायला बसला.

आता बाप नाही. मी शिकले,
देस्सीएत मुलांना शिकवते, गीझही थोडं लावता येतं.
या सणाला धर्मगुरूंच्या हातापाया पडून
मी ते पान बघायला मागितलं.
बोटानं हात लावू दिला नाही. डोळ्यांनी शोधलं.
काळी शाई, प्रत्येक शब्दानंतर दोन टिंबं,
आणि ते बोर. कडेनं बापाचे टाके,
ओळ त्याला वळसा घालून जाणारी.

दारी आलेल्याची झोळी भर, असं आहे.
पुढची ओळ पाण्याविषयी, गुरांविषयी.
"आधी" नाही.
नावाबद्दल एक अक्षर नाही.
तीनदा वाचलं.
तिथं भोक होतं,
त्यातून पलीकडच्या पानाचा तुकडा दिसत होता.

ते मेरिगेतानं भरलं,
की बापानं घरी येता येता वाटेत,
आता विचारायला कुणी नाही.
मी पुठ्ठ्याला ओठ लावले.
जुन्या कातड्याचा वास आला, घरचा.

देस्सीएतल्या माझ्या खोलीची कडी आतून लागते.
परवा एक सुतार बोलावलाय.