वालदेवी, पस्तीस हजार टन

नाशिकरोड स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर
समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली आहे.
समुद्राशी आमचा संबंध तेवढाच.

तरी मी जहाज काढलं.
ओझरच्या कारखान्यात एकतीस वर्षं ट्रेसर होते,
विमानाच्या पंखांच्या फासळ्या
दुसऱ्यांच्या रेषांवरून शाईने गिरवायच्या.
निवृत्त झाले तेव्हा वाटलं, एक रेघ आपली असावी
आणि लांब असावी.
दोनशे चाळीस मीटर.

साल धरलं एकोणीसशे सत्तावीस.
एक महायुद्ध संपलेलं,
त्याला पहिलं म्हणायचं हे अजून कुणाला ठाऊक नाही,
आणि करार झालेला: पस्तीस हजार टनांवर एक खिळा नको.
नाव वालदेवी.
नदी लहान आहे, जहाज मोठं, असू दे.

पस्तीस हजार पुष्कळ वाटतात
सहा तोफा मांडून होईपर्यंत.
एकतीस नॉट वेग हवा तर बॉयलर वाढतात,
बॉयलर वाढले की पोट लांबतं,
लांबलेल्या पोटाला चिलखत लांबवा,
ते चिलखत ओढायला पुन्हा बॉयलर.
चार महिने गॅलरीत नुसता खोडरबराचा चुरा.

देवळालीहून बळीराम गायधनी यायचे,
तोफखान्यातले सुभेदार, डाव्या कानाने बहिरे.
त्यांनी पहिल्यांदा विचारलं, झेंडा कुणाचा?
त्या साली आपला नव्हता. काठी मोकळी ठेवली.
मग दारूकोठारावर बोट टेकवून म्हणाले,
"ताई, लांबून मारलेला गोळा वरून पडतो. इथे.
या पत्र्याखाली साठ पोरं असतात."
मी म्हटलं, कागदावर कुठली पोरं?
ते बोलले नाहीत. चहा संपवून गेले.

रात्री डेक दोन इंच जाड केला.
नऊशे टन.
ते कुठूनतरी काढायचे होते;
बाजूचं चिलखत सोललं, दोन बॉयलर उचलले,
एक नॉट दिला.

तांबट लेनमधल्या चिंतामण तांबटाने
आयुष्यभर बंब आणि घंगाळी ठोकलेली.
ड्रॉइंग उलटसुलट करून तो म्हणाला,
"बाई, पाणी आत ठेवायचंय का बाहेर?"
बाहेर.
"मग शिवण दोनदा झाळतो."

शंभरात एक. माझ्याहून लांब तांब्याची होडी
रिक्षातून अर्धी बाहेर.
पस्तीस हजार टनांचे झाले पस्तीस किलो,
अंत्योदय कार्डावर महिन्याला मिळतं तेवढं धान्य.
भार म्हणून गहूच भरला, कोठाराच्या जागी नीट दाबून.

डाव्या कालव्याला आवर्तन सुटेपर्यंत थांबलो.
नियम असा: लांबी शंभरपट कमी, तर वेग दहापट कमी.
तेव्हा तीस नॉट म्हणजे
दूध उतू जाईल म्हणून घरी निघालेली बाई.
हातात दोरी, दोरीत स्प्रिंगकाटा,
कालव्याच्या भरावावरून मी पाण्याबरोबर चालायला लागले.
वीस नॉट. बावीस.
पाणीही माझ्याच दिशेने पळत होतं,
त्याच्या पुढे निघायला जवळजवळ धावायचं.
चोवीसला उजवा गुडघा बोलला.
चोवीस नॉटवर वालदेवी भरावाला टेकली
आणि मी खाली बसले.

सुभेदार उजवा कान माझ्याकडे करून उभे होते.
"उलट फिरा ना, ताई.
तोंडावर येणारं पाणीही वेगात धरतात."

फिरले.
पाणी गढूळ, जोरात, तिच्या नाकावर फुटलेलं.
मी सावकाश, देवळातून निघाल्यासारखी चालत होते
आणि ती तीस नॉटला लागली होती.
नाकाची लाट उठली, मग खळगा,
मग दुसरी लाट, मागच्या तोफांच्या खाली,
मी काढली होती त्याच्या चार बोटं मागे.
चार बोटं म्हणजे आठ मीटर. चुकलंच.
भरावावर शेळ्या घेऊन बसलेल्या पोराने विचारलं,
हिच्यात माणसं कुठं बसतात?
सुभेदारांनी त्याला जागा दाखवली.

घरी आल्यावर झाकण उचललं,
हात कोपरापर्यंत आत घातला.
गहू कोरडा होता.