आखूड फड

पत्र आलं अठ्ठावीसला, सायंकाळी पाच चाळीसला.
साहेब धुळ्याला बैठकीत, शिपाई कुलूप शोधत होता.
तेवीस लाख चाळीस हजार. एकवेळचे.
ग्रामपंचायती चौऱ्याण्णव.
खर्च एकतीसच्या आत, प्रमाणपत्रासह,
नाहीतर रक्कम आल्या पावली परत.

मी लेखा शाखेतला अहिरराव.
पंखा तीनवर, तरी मार्चचा धुरळा
कीबोर्डच्या फटीत बसलेला.
सूत्र पत्रातच होतं:
नव्वद टक्के लोकसंख्या, दहा टक्के क्षेत्रफळ,
आणि लोकसंख्या म्हणजे अकराची जनगणना.
म्हणजे जे तेव्हा जन्मले नव्हते
त्यांना तहान नाही,
जे नंतर गेले ते अजून पाणी पितात.

सूत्र वरच्या चौकटीत टाकलं, खाली ओढलं.
म्हसाळे, दोन लाख बारा हजार.
रस्त्यावरचं गाव, दोन बँका, एक कमान.
आमोदखेडे, अठरा हजार सहाशे.
उंबरपाडा,
शून्य.

उंबरपाडा वेगळा झाला सतराला.
जनगणनेत त्याची माणसं
अजून म्हसाळ्यातच राहतात.
त्यांचा वाटा तिथल्या पेव्हर ब्लॉकखाली जाणार.

सोमीबाई बहिरम, सरपंच,
सकाळच्या पहिल्या जीपने आली.
दोनशे पानी वही, चारशे एकाहत्तर नावं.
शेवटचं बाळ नऊ दिवसांचं,
नावाच्या जागी नुसती रेघ.
"भाऊ, ह्या मानसे मोज."
मी पत्र पुढे केलं.
ती पत्राकडे नाही,
पत्र धरलेल्या माझ्या बोटांकडे बघत राहिली.

माझा बाप पांझरेवरच्या बंधाऱ्याचा पाटकरी.
सहीच्या जागी अंगठा.
पाटात पाय घालून सांगायचा, पाणी किती दिवसांचं.
कमी असलं की म्हणायचा,
फड आखूड करा, माणूस नका करू.
मग सगळ्यांचेच दोन-दोन वाफे कोरडे,
वरच्याचे, खालच्याचे, त्याचे स्वतःचेही.
भांडणं व्हायचीच. एकदा कुऱ्हाड निघाली होती,
उगाच गोड आठवत नाही मी.
पण शेवटच्या वावराच्या तोंडाशी
बाप रात्री आडवा व्हायचा,
पाठीला ओल लागली की उठून घरी.

म्हसाळ्याला फोन लावला.
सरपंच म्हणाले, "सरकारनी दिधं, मी कोन सोडनारा?"
नियमाने बरोबरच होतं.
साहेब म्हणाले, टिप्पणी ठेवा, पुढच्या वेळी बघू.
एकवेळच्या पैशाला पुढची वेळ कुठली,
हे मी टिप्पणीत लिहिलं नाही.

एकतीसला दुपारी चारला
आमोदखेड्याचं खातं बंद निघालं.
अठरा हजार सहाशे लोंबकळत राहिले.
साहेब म्हणाले, रात्रीपर्यंत
जो खर्च दाखवेल त्याला द्या.
मी धावत बाहेर. सोमीबाई लिंबाखाली,
तीन दिवसांत तिसऱ्यांदा आलेली.

तिने आकडा ऐकला. बोटांवर काहीतरी मोजलं.
मोटार, पाइप, तीन दुकानांची दरपत्रकं,
ठराव, ग्रामसेवकाची सही, आणि ग्रामसेवक नंदुरबारला.
"पैसा शे भाऊ," ती म्हणाली,
"पन दिन कोठे शेतस?"
कोरी पावती फाडून देणारा एक दुकानदार
मला माहीत होता.
मी त्याचं नाव सांगितलं.
तिने पदराची गाठ सोडली, पुन्हा बांधली.
"नही. पाडावरला लोके नळ उघडीसन देखतीन."

रात्री पावणेबाराला रक्कम परत गेली.
तक्ता बंद करण्याआधी
उंबरपाड्यासमोर, शेरा रकान्यात,
मी ४७१ लिहिलं.

सहा एप्रिलला वरून विचारणा आली:
शेरा रकान्यातील आकडा कशाचा?
तीन दिवसांत खुलासा करावा.

वही माझ्या खणात आहे.
जूनमध्ये न्यायला येईन म्हणालीय.
तोवर रेघेच्या जागी
नाव लिहायचं राहिलंय.